आज्ञावलीचा आवृत्तिक्रमांक आणि शास्त्रीय निष्कर्षांची विश्वसनीयता : अलिबाग चुंबकीय वेधशाळेच्या नोंदींच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने काढलेला कोणताही शास्त्रीय निष्कर्ष हा मूळ नोंदींवर जसा अवलंबून असतो, तसाच तो आज्ञावलीच्या विशिष्ट आवृत्तीवरही अवलंबून असतो. नोंदींचा दर्जा नमूद करण्याची परंपरा भूचुंबकत्वासारख्या निरीक्षणप्रधान शास्त्रात चांगलीच रुजली आहे. आज्ञावलीच्या आवृत्तीबाबत मात्र महाविद्यालयीन संशोधनात अद्याप पुरेशी शिस्त आढळत नाही. प्रस्तुत लेखात आवृत्तिक्रमांकाची संकल्पना, त्याची त्रिअंकी रचना आणि ‘गिट’ या कमांड लाइनवर चालणाऱ्या साधनाद्वारे त्याचे व्यवस्थापन यांचे विवेचन केले आहे. विवेचनासाठी रायगड किनाऱ्यावरील अलिबाग चुंबकीय वेधशाळेच्या नोंदींचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : आवृत्तिक्रमांक, गिट, कमांड लाइन, भूचुंबकत्व, अलिबाग वेधशाळा, पुनर्पडताळणी.

१. प्रस्तावना

ग्रंथाच्या मुखपृष्ठामागील पानावर ‘पहिली आवृत्ती’, ‘दुसरी सुधारित आवृत्ती’ असा उल्लेख असतो. संदर्भ देणारा अभ्यासक हा उल्लेख कटाक्षाने टिपून घेतो. कारण एका आवृत्तीतील पृष्ठ ८५ वरील विधान दुसऱ्या आवृत्तीत बदललेले, वगळलेले किंवा अन्य पृष्ठावर गेलेले असू शकते. संगणकीय आज्ञावलीची स्थिती याहून वेगळी नाही. किंबहुना ती अधिक अस्थिर आहे. ग्रंथाची नवी आवृत्ती निघण्यास काही वर्षे लागतात. आज्ञावली मात्र एका दुपारी तीन वेळा बदलू शकते आणि बदलल्याची कोणतीही खूण तिच्या बाह्य रूपात दिसत नाही.

महाविद्यालयातील प्रकल्पांची फोल्डर उघडून पाहिल्यास ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘नवीन फायनल’, ‘सरांनी तपासलेली फायनल’ अशा नावांच्या फाइली एकापाठोपाठ एक आढळतात. यांपैकी कोणत्या फाइलीने प्रबंधातील तक्ता क्रमांक ४ तयार झाला, याचे उत्तर दोन वर्षांनंतर स्वतः विद्यार्थ्यालाही देता येत नाही. हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही. ज्या निष्कर्षाची पुन्हा पडताळणी करता येत नाही, त्याचे शास्त्रीय मूल्य कमी होते. म्हणून आवृत्तिक्रमांक हा संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित विषय न राहता भौतिकशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र अशा आकडेमोड करणाऱ्या सर्वच विभागांचा विषय ठरतो.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) निरीक्षणात्मक नोंदींच्या बाबतीत ‘आवृत्ती’ ही कल्पना कशी वापरली जाते, हे अलिबाग वेधशाळेच्या उदाहरणावरून स्पष्ट करणे.
(२) आज्ञावलीच्या त्रिअंकी आवृत्तिक्रमांकाचा अर्थ विशद करणे.
(३) कमांड लाइनवरील साधनांनी हा क्रमांक देण्याची, वाढविण्याची व तपासण्याची पद्धत समजावून घेणे.
(४) महाविद्यालयीन संशोधनासाठी काही व्यवहार्य नियम सुचविणे.

३. अलिबाग वेधशाळा : सलगता राखण्याचा एक आदर्श

मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे घेतली जात होती व १८४६ पासून ती नियमित झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले. अशा वाहनांच्या विद्युत्प्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रातील सूक्ष्म बदल झाकोळून टाकणार, हे उघड होते. त्यामुळे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबाग हे नवे स्थान निवडण्यात आले. १९०४ मध्ये तेथील वेधशाळा कार्यान्वित झाली. मुंबईत विजेची ट्राम प्रत्यक्ष धावली ती १९०७ मध्ये.

या स्थलांतरातील एक बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. कुलाब्याची उपकरणे बंद करून अलिबागची उपकरणे सुरू केली, असे घडले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर निरीक्षणे घेण्यात आली. त्यामुळे दोन स्थानांच्या मूल्यांतील अंतर निश्चित करता आले आणि कुलाब्याची जुनी मालिका व अलिबागची नवी मालिका परस्परांना जोडता आली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या निरीक्षणांचा सविस्तर ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून संस्थेचे मुख्यालय रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे. ‘इंटरमॅग्नेट’ या वेधशाळांच्या जागतिक जाळ्यातही अलिबागचा समावेश आहे.

मोजण्याचे स्थान बदलले तर जुने आणि नवे यांचा दुवा आकड्यांनी सिद्ध करावा लागतो, हा या घटनेचा धडा आहे. मोजण्याची आज्ञावली बदलली तरी हाच नियम लागू पडतो. त्याचा विचार पुढे सहाव्या विभागात केला आहे.

४. नोंदींचाही आवृत्तिक्रम असतो

वेधशाळेतील स्वयंचलित उपकरण चुंबकीय क्षेत्रातील चढउतार सतत नोंदवीत असते. तथापि ते केवळ बदल सांगते. क्षेत्राचे निरपेक्ष मूल्य सांगत नाही. निरपेक्ष मूल्यासाठी निरीक्षकाला ठरावीक अंतराने स्वतंत्र उपकरणांनी मापन करावे लागते. त्या मापनांवरून आधाररेषा ठरते आणि आधाररेषा मिळविल्यावरच स्वयंचलित नोंदींचे अंतिम मूल्य निघते. साहजिकच एकाच मिनिटाची नोंद कालांतराने वेगवेगळ्या अवस्थांतून जाते. प्रथम जशीच्या तशी कळविलेली, नंतर दुरुस्त केलेली हंगामी, त्यानंतर अंतिमच्या जवळपास पोहोचलेली आणि शेवटी वर्षभराची आधाररेषा निश्चित झाल्यावरची अंतिम, अशा या अवस्था होत. वेधशाळांच्या नोंदींची देवाणघेवाण ज्या प्रमाण स्वरूपात होते, त्या फाइलीच्या मथळ्यातच नोंद कोणत्या प्रकारची आहे हे लिहिलेले असते. म्हणजेच अभ्यासकाला फाइल उघडताच तिची ‘आवृत्ती’ कळते.

हीच दृष्टी जागतिक भूचुंबकीय संदर्भ प्रतिमानातही दिसते. हे प्रतिमान दर पाच वर्षांनी नव्या ‘पिढी’च्या रूपात प्रसिद्ध होते. तेरावी पिढी २०१९ च्या डिसेंबरात व चौदावी २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली. चौदाव्या पिढीत १९४५ ते २०२० पर्यंतचे सहगुणक निश्चित मानले आहेत, तर २०२५ चे सहगुणक हंगामी असून २०३० पर्यंतचा बदल केवळ अंदाजाने दिला आहे. ‘संदर्भ प्रतिमानानुसार’ एवढेच लिहिणाऱ्या लेखातून कोणती पिढी वापरली हे कळत नाही. मग वाचकाने केलेले गणित लेखकाच्या गणिताशी जुळले नाही तर चूक कोणाची, हा वाद अनिर्णित राहतो.

मे २०२४ मधील तीव्र चुंबकीय वादळाचे उदाहरण ताजे आहे. या वादळाची तीव्रता दर्शविणाऱ्या निर्देशांकाचे किमान मूल्य काही शोधनिबंधांत उणे ४१२ नॅनोटेस्ला, तर काहींत उणे ४०६ नॅनोटेस्ला असे आढळते. हा निर्देशांक प्रथम तातडीने, मग हंगामी स्वरूपात व शेवटी अंतिम स्वरूपात प्रसिद्ध होत असल्याने असा फरक पडणे स्वाभाविक आहे. नोंदीचा प्रकार व ती मिळविल्याची तारीख दिली असेल तर वाचकाचा गोंधळ होत नाही. दिली नसेल तर दोन्ही लेखांकडे संशयाने पाहिले जाते.

नोंद एकच असली तरी प्रक्रिया बदलल्यास आकडा किती बदलतो, याचे उदाहरण तर कुलाब्याच्याच इतिहासात आहे. १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी झालेल्या प्रसिद्ध वादळाच्या वेळी कुलाब्यात क्षैतिज घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली होती. ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लाखिना व ॲलेक्स आदींसमवेत २००३ मध्ये या नोंदीचे विश्लेषण करून वादळाची तीव्रता सुमारे उणे १७६० नॅनोटेस्ला असावी असे मांडले. पुढे २००६ मध्ये सिस्को व सहकाऱ्यांनी त्याच नोंदींची तासाची सरासरी घेऊन सुमारे उणे ८५० नॅनोटेस्ला हे मूल्य काढले. दोन्ही अभ्यासांनी आपली रीत स्पष्ट सांगितल्यामुळेच हा मतभेद अभ्यासाचा विषय होऊ शकला. आज अशी रीत बहुधा आज्ञावलीत बद्ध असते. म्हणून रीत सांगणे याचा अर्थ आज्ञावलीची आवृत्ती सांगणे, असा होतो.

५. त्रिअंकी आवृत्तिक्रमांकाचा अर्थ

आवृत्तिक्रमांक देण्याच्या अनेक पद्धती प्रचलित आहेत. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीसह ‘पाय’ या स्थिरांकाच्या अधिकाधिक जवळ जातो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. प्रणाली पूर्णत्वाकडे जात आहे, तिच्यात आता मोठे बदल होणार नाहीत, हा आशय त्यातून व्यक्त होतो. ‘उबुंटू’ ही कार्यप्रणाली दिनांकावर आधारित क्रमांक वापरते. ऑक्टोबर २००४ मध्ये आलेली तिची पहिली आवृत्ती म्हणूनच ४.१० या क्रमांकाची होती.

सर्वाधिक रूढ झालेली पद्धत मात्र ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ अर्थात अर्थवाही क्रमांकन ही होय. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तिचे नियम शब्दबद्ध केले असून त्या नियमांची २.०.० ही आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. या पद्धतीत क्रमांकाचे तीन भाग असतात. पहिला ‘मेजर’, दुसरा ‘मायनर’ व तिसरा ‘पॅच’. वापरकर्त्याच्या जुन्या व्यवहाराशी विसंगत बदल केल्यास पहिला अंक वाढवावयाचा, विसंगती न आणता नवी सोय जोडल्यास दुसरा, आणि केवळ चूक दुरुस्त केल्यास तिसरा. डावीकडील अंक वाढला की त्याच्या उजवीकडील अंक शून्य होतात. पहिला अंक शून्य असेल तर आज्ञावली अद्याप घडत आहे, तिच्यावर विसंबू नये, असा संकेत आहे.

या क्रमांकाबाबत एक गैरसमज वारंवार आढळतो. १.१० हा दशांश अपूर्णांक नव्हे. येथील टिंब हे दशांशचिन्ह नसून केवळ विभाजक आहे. त्यामुळे १.९.० नंतर १.१०.० येते आणि ती १.९.० पेक्षा पुढील आवृत्ती असते. तक्ताप्रणालीत १.१० असे टंकित केले तर ती त्याचे १.१ करून टाकते आणि दहावी आवृत्ती अकस्मात पहिली होते. आवृत्त्यांची नोंदवही तक्त्यात ठेवणाऱ्यांनी तो स्तंभ मजकूर स्वरूपाचा ठेवणे आवश्यक आहे.

६. एक उदाहरण : तासाच्या सरासरीची आज्ञावली

वरील नियमांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, किनाऱ्यावरील एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने अलिबागच्या मिनिटवार नोंदींवरून क्षैतिज घटकाची तासाची सरासरी काढणारी छोटी आज्ञावली पायथॉन भाषेत तयार केली आणि तिला १.०.० हा क्रमांक दिला.

काही दिवसांनी एका तासाची सरासरी विचित्र असल्याचे लक्षात येते. वेधशाळांच्या प्रमाण स्वरूपात एखाद्या मिनिटाची नोंद उपलब्ध नसेल तर त्या जागी ९९९९९.०० असा आकडा लिहिण्याचा संकेत आहे. आज्ञावलीने तो खरा आकडा मानून बेरजेत घेतला. अलिबागचा क्षैतिज घटक उदाहरणापुरता ३८,००० नॅनोटेस्ला धरला आणि साठांपैकी एकच नोंद गहाळ असली, तर सरासरी सुमारे ३९,०३३ येते. म्हणजे १,०३३ नॅनोटेस्लाची वाढ दिसते. मोठ्या वादळात क्षैतिज घटक घटतो. येथे तेवढ्याच तोलाची वाढ दिसते आणि तीही केवळ एका गहाळ मिनिटामुळे. ही चूक दुरुस्त केल्यावर क्रमांक १.०.१ होतो.

त्यानंतर दिवसाची सरासरी काढण्याची सोय जोडली जाते. तासाच्या सरासरीत काहीच फरक पडलेला नसतो. क्रमांक १.१.० होतो.

पुढे विभाग असे ठरवितो की तासाच्या सरासरीसाठी किमान ९० टक्के मिनिटमूल्ये, म्हणजे साठांपैकी ५४, उपलब्ध असावीत; अन्यथा सरासरी देऊच नये. इंटरमॅग्नेटच्या पद्धतीतही ९० टक्क्यांचा हाच निकष आहे. आता पूर्वी जेथे आकडा मिळत होता तेथे काही ठिकाणी रिकामी जागा मिळेल. जुन्या फळावर विसंबलेली विद्यार्थ्यांची आलेख काढणारी आज्ञावली त्यामुळे बंद पडू शकते. हा विसंगत बदल होय; क्रमांक २.०.० व्हावयास हवा.

आणखी एक बदल वरवर किरकोळ भासणारा आहे. वेधशाळेच्या नोंदी जागतिक वेळेनुसार असतात. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी त्या भारतीय प्रमाण वेळेनुसार द्याव्यात, अशी सूचना पुढे येते. तथापि दोन वेळांत साडेपाच तासांचे अंतर आहे. जागतिक वेळेनुसार शून्य ते एक हा तास म्हणजे आपल्याकडील पहाटे साडेपाच ते साडेसहा होय. भारतीय वेळेनुसार पाच ते सहा या तासात वेगळीच साठ मिनिटे येतात. म्हणजे हा केवळ मथळा बदलण्याचा प्रश्न नसून प्रत्येक सरासरी मिनिटवार नोंदींवरून नव्याने काढावी लागते. ही सोय स्वतंत्र पर्याय म्हणून दिली तर दुसरा अंक वाढेल. पण ती मूळ रीत म्हणून लादली तर पहिला अंक वाढविण्यावाचून गत्यंतर नाही.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. वरील नियम मूलतः आज्ञावली वापरणाऱ्या अन्य आज्ञावल्यांचा विचार करून बनविले आहेत. शास्त्रीय उपयोगात मात्र १.०.० पासून १.०.१ ही ‘किरकोळ’ दुरुस्तीदेखील निष्कर्षाचे आकडे बदलून टाकते. म्हणून आकडे बदलणारी प्रत्येक दुरुस्ती, मग ती तिसऱ्या अंकाची का असेना, बदलांच्या नोंदवहीत ठळकपणे लिहिली पाहिजे. तसेच पहिला अंक वाढविण्यापूर्वी जुनी व नवी अशा दोन्ही आवृत्त्या त्याच नोंदींवर चालवून फरकाचा तक्ता ठेवला पाहिजे. कुलाबा आणि अलिबाग येथे १९०४ ते १९०६ या काळात जे केले गेले, ते नेमके हेच होते. तेथे समांतर निरीक्षणाला दोन वर्षे द्यावी लागली. आज्ञावलीच्या बाबतीत बहुधा थोडक्या वेळात काम होते. तरीही ते टाळले जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

७. कमांड लाइनवरील व्यवस्थापन

आज्ञावलीतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनांची परंपरा जुनी आहे. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये असे साधन प्रथम घडविले. सध्या सर्वाधिक वापरात असलेले ‘गिट’ हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केले. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला, म्हणजे ‘कमिट’ला, तिच्या आशयावरून काढलेली चाळीस चिन्हांची ओळख आपोआप मिळते. ती अचूक असली तरी माणसाच्या लक्षात राहण्याजोगी नसते. म्हणून निवडक नोंदीवर नावाची चिठ्ठी लावतात. या चिठ्ठीला ‘टॅग’ म्हणतात. पुढील आदेश येथे देवनागरीत दिले असले तरी संगणकावर ते रोमन लिपीत टंकित करावे लागतात.

(अ) चिठ्ठी लावणे : ‘गिट टॅग -ए व्ही१.०.१ -एम’ आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत बदलाचे एका ओळीतील वर्णन, असा हा आदेश आहे. यातील ‘-ए’ या खुणेमुळे सभाष्य चिठ्ठी तयार होते. तिच्यात लावणाऱ्याचे नाव, दिनांक व वर्णन जतन होते. ही खूण व वर्णन दोन्ही वगळल्यास केवळ नाव असलेली साधी चिठ्ठी तयार होते. प्रसिद्ध करावयाच्या आवृत्तीसाठी सभाष्य चिठ्ठीच वापरावी.

(आ) चिठ्ठ्या पाहणे : ‘गिट टॅग’ एवढाच आदेश दिल्यास सर्व चिठ्ठ्यांची यादी मिळते, परंतु ती अक्षरानुक्रमे असल्याने १.१०.० ही १.९.० च्या आधी दिसते. ‘--सॉर्ट=व्हर्जन:रेफनेम’ ही खूण जोडल्यास क्रम योग्य लागतो.

(इ) सद्यःस्थिती ओळखणे : ‘गिट डिस्क्राइब’ हा आदेश संशोधकासाठी सर्वांत उपयुक्त होय. समजा, त्याचे उत्तर ‘व्ही१.१.०-५-जी४एफ९सी२ए१’ असे आले. याचा अर्थ, सर्वांत जवळची चिठ्ठी १.१.० ची आहे, तिच्यानंतर पाच नोंदी झाल्या आहेत आणि सध्याच्या नोंदीच्या ओळखीची पहिली सात चिन्हे ‘४एफ९सी२ए१’ ही आहेत. आरंभीचे ‘जी’ हे गिटचे आद्याक्षर. ‘--डर्टी’ ही खूण जोडली तर, फाइलींत न नोंदविलेले बदल शिल्लक असल्यास उत्तराच्या शेवटी ‘डर्टी’ हा शब्द येतो. अर्थात या स्थितीत काढलेला आकडा पुन्हा मिळेल याची हमी नाही, असा तो इशारा असतो. हा आदेश मूलतः सभाष्य चिठ्ठ्याच विचारात घेतो, हेही सभाष्य चिठ्ठी वापरण्याचे एक कारण आहे.

(ई) चिठ्ठी पाठविणे : ‘गिट पुश’ या नेहमीच्या आदेशाने चिठ्ठ्या सामाईक संग्रहात जात नाहीत. ‘गिट पुश ओरिजिन व्ही१.०.१’ असा चिठ्ठीचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो. नवख्यांची सर्वाधिक फसगत येथे होते. आपल्या संगणकावर चिठ्ठी दिसते, सहकाऱ्याच्या संगणकावर दिसत नाही आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

(उ) क्रमांक वाढविणे : आवृत्तिक्रमांक एकाच ठिकाणी लिहिलेला नसतो. तो आज्ञावलीत, माहितीपत्रकात, वापरपुस्तिकेत अशा अनेक ठिकाणी असतो. हाताने बदल करताना एखादी जागा हमखास सुटते. यासाठी पायथॉनमध्ये ‘बंप-माय-व्हर्जन’ हे साधन आहे. कोणकोणत्या फाइलींत क्रमांक आहे, हे एका संरचना-फाइलीत एकदाच लिहून ठेवावयाचे. त्यानंतर ‘बंप-माय-व्हर्जन बंप पॅच’ असा आदेश दिला की सर्व ठिकाणचा १.०.० हा क्रमांक १.०.१ होतो, तशी सूचना संरचनेत दिलेली असल्यास गिटमधील नोंद व चिठ्ठीदेखील त्याच वेळी होते. ‘--ड्राय-रन’ ही खूण दिल्यास प्रत्यक्ष बदल न करता काय बदलेल, एवढेच दाखविले जाते. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात ‘एनपीएम व्हर्जन पॅच’ हा आदेश असेच कार्य करतो. न नोंदविलेले बदल शिल्लक असतील तर दोन्ही साधने क्रमांक वाढविण्यास नकार देतात. हा नकार अडचणीचा वाटला तरी तो हिताचाच आहे. क्रमांक कशाला दिला हे संदिग्ध राहू नये, हाच त्यामागील हेतू होय.

८. एकदा दिलेला क्रमांक बदलू नये

अर्थवाही क्रमांकनाचा एक नियम असा आहे की, प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा आशय पुन्हा बदलावयाचा नाही. बदल कितीही लहान असला तरी त्याला नवा क्रमांक द्यावयाचा. गिटमध्ये जुनी चिठ्ठी बळाने दुसऱ्या नोंदीवर हलविण्याची सोय आहे. पण चिठ्ठी एकदा इतरांपर्यंत पोहोचली असेल तर ही सोय वापरू नये. ज्याने आधीच १.०.१ घेतली आहे, त्याच्याकडे जुना आशय राहतो. ज्याने नंतर घेतली, त्याच्याकडे नवा. दोघेही आपल्या निबंधात १.०.१ असेच लिहितात. अशा वेळी क्रमांक नसता तर बरे, अशी स्थिती होते. कारण क्रमांकाचा अभाव निदान दिसतो, खोटा क्रमांक दिसत नाही. चूक झाली तर ती मान्य करून १.०.२ काढणे हाच सरळ मार्ग होय.

ग्रंथव्यवहारातही शुद्धिपत्र जोडतात. छापलेल्या प्रती वाचकांच्या कपाटातून गुपचूप बदलून आणत नाहीत.

९. महाविद्यालयीन संशोधनासाठी सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.
(१) प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून आज्ञावली गिटमध्ये ठेवावी आणि प्रबंध, निबंध वा अहवाल सादर करताना त्या स्थितीला सभाष्य चिठ्ठी लावावी.
(२) आज्ञावलीने तयार केलेल्या प्रत्येक फळ-फाइलीच्या मथळ्यात ‘गिट डिस्क्राइब’चे उत्तर आपोआप लिहिले जाईल, अशी व्यवस्था करावी.
(३) निबंधात नोंदींची अवस्था (हंगामी की अंतिम), त्या मिळविल्याची तारीख आणि आज्ञावलीचा क्रमांक या तिन्ही बाबी एकत्र द्याव्यात.
(४) ‘डर्टी’ असा शेरा असलेल्या स्थितीतील आकडे प्रसिद्धीसाठी वापरू नयेत.
(५) पहिला अंक वाढविताना जुन्या व नव्या फळांचा तुलनात्मक तक्ता जतन करावा.
(६) मार्गदर्शकाने प्रबंध तपासताना संग्रहाची प्रत घेऊन, सांगितलेल्या क्रमांकाची आवृत्ती चालवून, किमान एक तक्ता स्वतः पुन्हा काढून पाहावा.

यांपैकी कोणत्याही सूचनेस खर्च येत नाही. गिट व उपरोक्त अन्य साधने मुक्त स्वरूपात उपलब्ध आहेत आणि साध्या संगणकावर चालतात. गिटमधील नोंद व चिठ्ठी आपल्याच संगणकावर होत असल्याने इंटरनेट जोडणी सामाईक संग्रहात पाठवितानाच लागते. पावसाळ्यात जोडणी वरचेवर खंडित होणाऱ्या किनारी भागातील महाविद्यालयांच्या दृष्टीने ही बाब सोयीची आहे.

१०. निष्कर्ष

आवृत्तिक्रमांक हा आज्ञावलीचा अलंकार नसून तिचे उत्तरदायित्व होय. ‘हा आकडा या नोंदींवरून, या आज्ञावलीच्या या आवृत्तीने काढला’ असे निश्चित विधान करता आले, तरच तो आकडा दुसऱ्यास तपासता येतो आणि चूक असल्यास दाखवून देता येते. कमांड लाइनवरील साधने हे काम सुलभ करतात. परंतु कोणता बदल विसंगत आणि कोणता किरकोळ, याचा निर्णय साधन करीत नाही. तो विषय जाणणाऱ्या अभ्यासकालाच करावा लागतो. गहाळ मिनिटाचा आकडा सरासरीत मिसळला जात आहे, हे भौतिकशास्त्राच्या जाणकाराला दिसते; गिटला दिसत नाही.

कुलाब्यातील १८५९ ची नोंद जवळपास दीड शतकाने अभ्यासकांच्या उपयोगी पडली, कारण ती घेणाऱ्यांनी ती काळजीपूर्वक लिहून ठेवली होती आणि पुढे अलिबागशी तिचा दुवा जोडणाऱ्यांनी तो आकड्यांनी सिद्ध केला होता. आज महाविद्यालयांतून काढली जाणारी फळे पुढील पिढीतील अभ्यासकाच्या हाती जातील, तेव्हा त्यांच्या मथळ्यावर एक निश्चित क्रमांक असावा आणि त्या क्रमांकामागे नेमकी तीच आज्ञावली सापडावी, एवढी अपेक्षा निश्चितच अवाजवी ठरू नये.